उबुंटूवर ॲप्टने पॅकेज बसवणे, आणि लॉक आडवे आले तर काय करायचे

पॅकेज म्हणजे प्रोग्राम आणि त्याच्या फाइलींचा गठ्ठा; ॲप्ट म्हणजे तो बसवणारे-काढणारे उबुंटूचे साधन. टर्मिनल (आज्ञा टाइप करायची खिडकी) उघडता येते आणि सुडोचा, म्हणजे प्रशासकाच्या हक्काने आज्ञा चालवायचा, पासवर्ड ठाऊक आहे, असे धरून लिहितो. आज्ञा इथे उच्चाराप्रमाणे दिल्या आहेत. टाइप करताना इंग्रजी लहान अक्षरे वापरा.

आधी "सुडो ॲप्ट अपडेट". याने नवीन काही बसत नाही, फक्त पॅकेजांची यादी ताजी होते. मग "सुडो ॲप्ट इन्स्टॉल" आणि पुढे पॅकेजचे नाव. नाव नक्की आठवत नसेल तर "ॲप्ट सर्च". बसवणे एवढेच.

खरी अडचण "कुड नॉट गेट लॉक" ही ओळ आली की सुरू होते. लॉक म्हणजे एका वेळी एकानेच पॅकेजे बसवावीत म्हणून लावलेले कुलूप. अशा वेळी कोणीतरी हमखास सांगतो, "ती लॉकची फाइल उडवून टाक." हा सल्ला अजिबात ऐकू नका. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्याच्या ऑफिसातले संगणक मी सांभाळतो. तिथे एकदा मी तो ऐकला होता. त्या वेळी मागे उबुंटूचे स्वतःचे सुरक्षा अपडेट चालू होते. मी फाइल उडवली, माझे इन्स्टॉलही सुरू झाले आणि दोघे एकाच वेळी डीपीकेजीच्या (ॲप्टच्या हाताखाली प्रत्यक्ष पॅकेज बसवणाऱ्या साधनाच्या) नोंदवहीत लिहू लागले. कोणते पॅकेज बसले आहे आणि कोणते नाही, याचा सगळा हिशेब त्या "स्टेटस" नावाच्या फाइलीत असतो. तीच बिघडली. माल गाडीत भरून तयार, आणि बिल निघेना. शेवटी "/वार/बॅकअप्स" मधली "डीपीकेजी.स्टेटस.०" ही प्रत जागेवर ठेवली, तेव्हा कुठे गाडी रुळावर आली.

एक गोष्ट पक्की समजून घ्या: फाइल दिसते म्हणजे लॉक लागलेले आहे असे नाही. लॉक चालू प्रोसेसच्या, म्हणजे त्या क्षणी चालत असलेल्या प्रोग्रामच्या, हातात असते. प्रोसेस संपली किंवा संगणक बंद पडला की ते आपोआप सुटते, फाइल मात्र तिथेच राहते. म्हणून ती उडवायची गरज कधीच पडत नाही. एररच्या ओळीत प्रोसेसचा नंबर आणि बहुतेक वेळा नावही असते. "अनअटेंडेड" असे काही दिसले, म्हणजे उबुंटूचे आपोआप होणारे अपडेट चालू असले, तर थांबा, चहा पिऊन या. "पीएस -पी" आणि तो नंबर टाकून पाहत राहा; प्रोसेस गेली की पुन्हा आज्ञा द्या. मध्येच ती किल (जबरदस्तीने बंद) करू नका.

दुसरा प्रसंग लाईट जाण्याचा. उन्हाळ्याच्या दुपारी आपल्याकडे तो ठरलेलाच. पॅकेज अर्धवट बसलेले असताना संगणक बंद पडला, तर सुरू झाल्यावर "सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए" द्या. अर्धवट राहिलेली पॅकेजे ते पूर्ण करते. तरीही तक्रार उरली तर "सुडो ॲप्ट --फिक्स-ब्रोकन इन्स्टॉल". इथे घाईने वाय दाबू नका. "विल बी रिमूव्हड" खालची यादी शब्दन्‌शब्द वाचा. त्यात डेस्कटॉप किंवा प्रिंटरची पॅकेजे दिसली तर एन दाबून बाहेर या आणि आधी कारण शोधा. आणि मोठे अपग्रेड यूपीएसशिवाय करूच नका.

काढताना "रिमूव्ह" दिले तर "/इटीसी" मधल्या सेटिंग फाइली मागे राहतात, "पर्ज" दिले तर त्याही जातात. होम फोल्डरमधल्या फाइलींना या दोन्ही आज्ञा हात लावत नाहीत. दुसऱ्या पॅकेजासाठी आपोआप बसलेली, आता बिनकामाची जोडपॅकेजे "सुडो ॲप्ट ऑटोरिमूव्ह" ने जातात. यादी इथेही वाचा.

एखादे पॅकेज आहे त्याच आवृत्तीवर ठेवायचे असेल तर "सुडो ॲप्ट-मार्क होल्ड" आणि त्याचे नाव, सोडवायला "अनहोल्ड". काल काय बसवले ते आठवत नसेल तर "/वार/लॉग/ॲप्ट/हिस्टरी.लॉग" उघडा; तारीख-वेळेसह दिलेली आज्ञा तिथे सापडते.