मुंबई-पुणे-बंगळूरला जुन्या रेकॉर्ड शोधायला जाताय? या चुका टाळा

बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात गाण्याचे कान पिढ्यान् पिढ्या तयार झालेत. कुमार गंधर्व १९२४ साली जन्मले ते इथल्याच सुळेभावीत. धारवाड, हुबळी, कुंदगोळ, मिरज ही गायकांची गावंही एका दिवसात जाऊन येण्याच्या अंतरावर. तरी या मंडळींच्या तबकड्या मनासारख्या निवडून घ्यायच्या तर मोठं शहर गाठावं लागतं. आपल्याकडून जाणारा माणूस बहुधा एका दिवसासाठीच जातो. रात्री बस, दिवसभर फिरती, परत रात्री बस. तो दिवस वाया घालवणाऱ्या चुका ठरलेल्या आहेत आणि त्यातल्या बऱ्याच चुका बसमध्ये चढण्याआधीच झालेल्या असतात.

वार न बघता निघणं

मुंबईत जुन्या तबकड्यांसाठी पहिलं नाव निघतं ते चोरबाजारातल्या मटण स्ट्रीटचं. ही दुकानं शुक्रवारी बंद असतात. म्हणजे बेळगावातून गुरुवारी रात्री निघालात की नेमके बंद दारासमोर उभे राहाल. दुसरी गोष्ट, बस पहाटे-सकाळी पोचते आणि दुकानं उघडायला अकरा तरी वाजतात. मधला वेळ नाश्त्याला आणि यादी परत वाचायला ठेवा. दादरहून ग्रँट रोडला जायचं तर स्लो लोकल धरा, फास्ट तिथं थांबत नाही. पुढचं अंतर पायी होतं.

पुण्याचा जुना बाजार बुधवार आणि रविवार या दोनच दिवशी भरतो. बंगळूरला चिकपेटच्या बाजूचा रस्त्यावरचा जुना बाजार रविवारचा. त्यासाठी शनिवारी संध्याकाळची राणी चन्नम्मा एक्सप्रेस सोयीची, रविवारी सकाळी उतरता आणि थेट बाजारात जाता.

जुन्या आठवणींवर किंवा कुणीतरी पूर्वी लिहिलेल्या यादीवर विसंबू नका. मुंबईतलं काळा घोड्याचं रेकॉर्डचं दुकान ऱ्हिदम हाऊस २०१६ मध्ये बंद झालं, तरी अजूनही लोक तिथं जायचं म्हणून निघतात. तबकड्यांची दुकानं बहुतेक एका माणसाच्या जिवावर चालतात. तो आजारी पडला किंवा गावी गेला की शटर खाली. निघायच्या आदल्या दिवशी फोन करा आणि "उद्या दुकान उघडं आहे का?" एवढंच न विचारता "अठ्ठ्याहत्तरच्या तबकड्या आहेत का, मराठी-कानडी आहेत का?" हेही विचारा. माहीमच्या द रिव्हॉल्व्हर क्लबसारखी नवी दुकानं मुख्यतः नव्याने निघालेल्या एल्पी (मिनिटाला ३३ फेऱ्यांच्या प्लास्टिकच्या तबकड्या) आणि वाजवायची यंत्रं यांसाठी आहेत. तिथं लाखेची, म्हणजे अठ्ठ्याहत्तरची (मिनिटाला ७८ फेऱ्यांची जुनी) तबकडी शोधू नका आणि चोरबाजारात कोरी सीलबंद एल्पी शोधू नका.

"काहीतरी जुनं दाखवा"

हे वाक्य दुकानात उच्चारलं की तुमच्या पुढ्यात हिंदी सिनेमाच्या, सगळीकडे मिळणाऱ्या रेकॉर्ड येतात आणि भावही त्यांचा चढाच सांगितला जातो. दुकानदाराचा त्यात दोष नाही. ढीग हजारोंचा असतो, तुम्ही नाव सांगाल तरच तो हात घालणार. गायक, राग किंवा पद, कंपनी, आणि माहीत असेल तर क्रमांक, एवढं कागदावर लिहून न्या.

नावांच्या बाबतीत सावध राहा, कारण तबकडीवरचं नाव आणि आपल्या तोंडातलं नाव एकच असेल असं नाही. गंगूबाई हनगल यांच्या एचएमव्ही कंपनीच्या सुरुवातीच्या तबकड्यांवर 'गांधारी' असं नाव आहे. गंगूबाईंच्या नावाने विचारलंत तर दुकानदार मनापासून "नाही" म्हणेल आणि तबकडी तुमच्या कोपराजवळच पडलेली असेल. अगदी जुन्या, विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या तबकडीचं लेबल फाटलेलं असेल तर शेवटपर्यंत वाजवून बघा. त्या काळी कित्येक गायक-गायिका गाणं संपताना स्वतःचं नाव सांगत. गौहर जान यांनी १९०२ मध्ये कोलकात्यात केलेल्या ध्वनिमुद्रणांत ते ऐकायला मिळतं.

तुम्हाला वस्तू हवी आहे की गाणं, हेही घरीच ठरवा. अब्दुल करीम खाँसाहेबांची १९३० च्या दशकातली ओडियन कंपनीची ध्वनिमुद्रणं पुढे एल्पीवरही आली. फक्त गाणं ऐकायचं असेल तर एल्पी घ्या, ती सांभाळायला सोपी आणि तिला वेगळी सुई लागत नाही.

एकच ढीग बघून परत फिरणं

सीमाभागातल्या माणसाने ही चूक करू नये असं मला कळकळीने वाटतं. मुंबईच्या दुकानात हिंदी पुढे, मराठी नाट्यपदं-भावगीतं त्यामागे, आणि कानडी, तमिळ, तेलुगू सगळं मिळून 'साउथ' म्हणून कुठेतरी खाली बांधलेलं, अशी मांडणी बऱ्याचदा दिसते. लेबल कुणाला वाचता येत नाही म्हणून ते गठ्ठे उलगडलेही जात नाहीत. मल्लिकार्जुन मन्सूर यांनी गायलेली कानडी वचनं अशाच गठ्ठ्यात सापडणार. ती मराठी गठ्ठ्यात नसतात आणि शास्त्रीयच्या कप्प्यातही असतीलच असं नाही.

बंगळूरला नेमकं उलट करा. तिथं मराठी तबकड्यांना गिऱ्हाईक कमी, तेव्हा "मराठी इद्या?" असं विचारा आणि 'नॉर्थ' किंवा 'हिंदी' म्हणून ठेवलेल्या ढिगात नाट्यपदं शोधा. आपल्याकडे भाषेवरून जे चालतं ते आपल्या जागी. पण ढिगासमोर बसल्यावर दोन्ही लिपी वाचता येणं ही आपली फार मोठी ताकद आहे. मुंबईकर आणि बंगळूरकर दोघांनाही जे दिसत नाही ते आपल्याला दिसतं.

न तपासता पिशवीत टाकणं

चांगलं दुकान कुठलं, याची माझी एकच कसोटी आहे: तबकडी कव्हरातून काढून उजेडात बघू देतो का, आणि मागितल्यावर दोन मिनिटं वाजवून दाखवतो का. यातलं एकही करू न देणाऱ्याकडे कितीही मोठा साठा असो, मी महागडी वस्तू घेणार नाही.

तबकडी कडेने धरा आणि तिरक्या उजेडात फिरवा. केसासारखे वरवरचे ओरखडे फारसे त्रास देत नाहीत. सगळी खाच (सुई जिच्यातून फिरते ती रेघ) करडी, निस्तेज दिसत असेल तर पोलादी सुईने ती झिजवली आहे. ती धुऊन सुधारत नाही. मधल्या भोकाभोवती लेबलवर बारीक रेषांचं जाळं असेल तर तबकडी खूपदा वाजलेली आहे, कारण भोक शोधताना दरवेळी तिथं घासलं जातं. डोळ्यांच्या रेषेत आडवी धरून वाकलीय का तेही बघा. लाखेच्या तबकडीला काठापासून आत जाणारी तड आहे का, हे नखाने नव्हे, नजरेने तपासा.

कव्हर एकाचं आणि आत तबकडी दुसऱ्याचीच, हे फार होतं. लेबलवरचा क्रमांक कव्हरावरच्या क्रमांकाशी ताडून पाहा. एचएमव्हीच्या एल्पीवर क्रमांकाआधी ईएएलपी किंवा ईसीएलपी असेल तर ती मोनो, ईएएसडी किंवा ईसीएसडी असेल तर स्टीरिओ.

यंत्राचा विचार न करता खरेदी

चोरबाजारात चकचकीत पितळी कर्ण्याचे चावीचे ग्रामोफोन मांडलेले असतात. त्यातले कितीतरी इकडचे-तिकडचे सुटे भाग जोडून नव्यानेच केलेले असतात. शोभेला ठेवायला हरकत नाही, पण चांगली तबकडी त्यावर लावू नका. खरा जुना ग्रामोफोन असला तरी त्यावर फक्त लाखेची तबकडी वाजवा आणि पोलादी सुई प्रत्येक बाजूला नवी घाला. एल्पी त्यावर ठेवली तर एका फेरीत खराब होते.

उलट बाजूने, आजच्या टर्नटेबलवर अठ्ठ्याहत्तरची तबकडी वाजवायची तर त्यात ७८ चा वेग हवा आणि सुईही वेगळी हवी. लाखेच्या तबकडीची खाच एल्पीच्या जवळपास तिप्पट रुंद असते. एल्पीची सुई तिच्या तळाशी घासत राहते आणि गाण्यापेक्षा खरखर जास्त ऐकू येते. मुंबईला गेलातच आहात तर ग्रँट रोडजवळच्या लॅमिंग्टन रोडवर सुई, बेल्ट, तारा यांची चौकशी करून घ्या.

परतीचा प्रवास

एल्पी उन्हाने वाकते, लाखेची तबकडी धक्क्याने फुटते. म्हणून दोन्ही बसच्या डिकीत देऊ नका. दहा इंची दहा तबकड्यांचं ओझं दोन किलोच्या आसपास जातं, ते मांडीवर किंवा पायांशी उभं ठेवता येतं. दोन बाजूंना जाड पुठ्ठा आणि मध्ये वर्तमानपत्र पुरेसं आहे. घरीही उभ्याच ठेवा. बेळगावच्या जून ते सप्टेंबरच्या ओलीत कागदी कव्हरांना बुरशी धरते, तेव्हा बाहेरच्या भिंतीला लागून कपाट नको.

घरी आल्यावर नीट वाजत नसेल तर

पहिल्याच वाजवणीत खरखर आली म्हणून फसवले गेलो असं समजू नका. बहुतेक वेळा ती वर्षांची धूळ असते. कोमट पाण्यात भांडी धुण्याच्या साबणाचा एखादा थेंब, मऊ कापड, खाचेच्या दिशेने पुसणं, लेबल कोरडं ठेवणं, मग सावलीत वाळवणं. लाखेच्या तबकडीला स्पिरिट कधीही लावू नका, लाख त्यात विरघळते आणि तबकडी कायमची जाते.

एल्पी एकाच जागी अडकत असेल तर आधी सुईवरचा धुळीचा गोळा काढा, मग सुईचा भार बघा. आजच्या बऱ्याच कार्ट्रिजना (सुई बसवलेल्या भागाला) दीड ते दोन ग्रॅम लागतो. भार कमी ठेवला तर तबकडी वाचते हा गैरसमज आहे, हलकी सुई खाचेत उड्या मारते.

आणि १९०५ च्या आसपासची तबकडी ७८ वर लावल्यावर आवाज किनरा किंवा जड लागला तर तबकडी परत करायला धावू नका. त्या काळात ध्वनिमुद्रणाचा वेग पक्का ठरलेला नव्हता, कुठे ७८ पेक्षा कमी, कुठे जास्त. वेग बारीक कमी-जास्त करता येणारं यंत्र असेल तर त्या गायकाचं नंतरचं एखादं ध्वनिमुद्रण आधी ऐका, त्याचा षड्ज (सा) पेटीवर धरून ठेवा आणि तिथं जुळेपर्यंत वेग हलवत राहा.