पंचविशीच्या आधी हे बघा: लहानपणापासून आजार असलेल्या तरुणांच्या विम्यात होणाऱ्या चुका

सिकलसेल, थॅलेसेमिया, टाइप वन मधुमेह, मिरगी. असा आजार घेऊन वाढलेली नागपूरची मुलं कॉलेज संपवून हिंगणा, बुटीबोरी, मिहानला, नाहीतर सरळ पुण्याला नोकरीला लागतात. आता लहान मुलांचे डॉक्टर सोडून मोठ्यांच्या डॉक्टरांकडे जायचं, एवढं घरात बोललं गेलेलं असतं. त्याच सुमारास विमाही सुटतो, हे मात्र बहुतेकांना दवाखान्यात ॲडमिशनच्या काउंटरवर कळतं.

जुनी पॉलिसी सुटू देणं आणि मग ‘नवी’ घेणं

सगळ्यात महाग चूक हीच. पॉलिसी घेण्याआधीपासून असलेल्या आजारासाठी कंपनी वेटिंग पिरियड लावते, म्हणजे तेवढे महिने त्या आजाराचा खर्च मिळत नाही. 1 एप्रिल 2024 पासून तो जास्तीत जास्त 36 महिन्यांचा असू शकतो. बाबांच्या फॅमिली फ्लोटरमध्ये (सगळ्या घराच्या एकाच पॉलिसीत) लेकीचं नाव दहा वर्षं असेल, तर तिचे ते महिने कधीच भरून झालेत. त्या प्रत्येक वर्षाचा हप्ता घरानं भरलाय, म्हणजे ती तिची कमाईच आहे.

पण बहुतेक फ्लोटरमध्ये मुलांना 25 वर्षांपर्यंतच जागा असते. काहींमध्ये त्याआधीही नाव जातं: ‘आरोग्य संजीवनी’ या पॉलिसीमध्ये अठराच्या पुढचं मूल स्वतः कमावू लागलं की पुढच्या नूतनीकरणात ते बसत नाही. घरचे म्हणतात, ‘गेलं नाव तर गेलं, नोकरी लागली की नवी काढू.’ मग वर्षभरानं नवी पॉलिसी निघते आणि 36 महिने पुन्हा पहिल्यापासून मोजले जातात. आजारामुळे कंपनी पॉलिसीच नाकारू शकते, ते वेगळंच.

यावर उपाय आहे, फक्त तो वेळेत करावा लागतो. त्याच कंपनीत स्वतःच्या नावाच्या पॉलिसीत जाणं म्हणजे मायग्रेशन आणि दुसऱ्या कंपनीत जाणं म्हणजे पोर्टेबिलिटी. दोन्हींत भरलेला वेटिंग पिरियड सोबत येतो. पोर्टिंगचा अर्ज नूतनीकरणाच्या किमान 45 दिवस आधी द्यायचा, पण 60 दिवसांच्या आधी नाही. पॉलिसी 31 मार्चला संपत असेल तर साधारण 30 जानेवारी ते 14 फेब्रुवारी एवढीच खिडकी मिळते. नवी कंपनी नाही म्हणू शकते, म्हणून जुन्या कंपनीकडे मायग्रेशनचं बोलणं आधीच सुरू ठेवा. नाव नेमकं कधी गळणार, पंचविसाव्या वाढदिवसाला की त्यानंतरच्या नूतनीकरणाला, हे कंपनीकडून लेखी घ्या. एजंटाच्या ‘होऊन जाईल’वर थांबू नका.

एक बारीक अट बहुतेकांच्या नजरेतून सुटते. जुनी पॉलिसी तीन लाखांची होती आणि नवीत दहा लाख घेतले, तर भरलेले महिने जुन्या तीन लाखांनाच लागू होतात. वाढवलेल्या सात लाखांसाठी वेटिंग नव्यानं सुरू होतं.

‘कंपनीचा विमा आहे ना’

नोकरीच्या ग्रुप पॉलिसीत जुना आजार बहुधा पहिल्या दिवसापासून धरलेला असतो. त्यामुळे स्वतःची पॉलिसी नकोशी वाटते. पण नोकरी सुटली की कव्हरही जातं, आणि पहिल्या दोन-तीन वर्षांत नोकऱ्या बदलतातच. राजीनामा द्यायच्या आधी एचआरला विचारा, की याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येतं का. नोटीस पिरियड संपल्यावर विचारून फायदा नाही.

पगार 21,000 रुपयांपर्यंत असेल तर ईएसआयसी (कामगारांची सरकारी विमा योजना) लागू होते, आणि तिथं जुन्या आजाराची आडकाठी नसते. पण पगारवाढीनं ही मर्यादा ओलांडली की पगारातलं अंशदान (वर्गणी) चालू अंशदान काळ (एप्रिल ते सप्टेंबर किंवा ऑक्टोबर ते मार्च) संपेपर्यंतच कापलं जातं, आणि उपचाराचा हक्क त्यानंतर काही महिन्यांत संपतो. पेढे वाटायच्या आधी हा हिशेब करा.

आई-बाबा केंद्र सरकारच्या नोकरीत असतील तर तिथल्या आरोग्य योजनेत, सीजीएचएसमध्ये, मुलाला 25 वर्षांची, कमाईची आणि लग्नाची अट आहे. मुलीला वयाची अट नाही, पण कमाई आणि लग्नाची आहे. ठरावीक अपंगत्व असलेल्या अवलंबून मुलाला वयोमर्यादा लागत नाही. सिकलसेल, थॅलेसेमिया आणि हिमोफिलिया 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात आले आहेत, तेव्हा यूडीआयडी कार्डाचं (दिव्यांगांच्या ओळखपत्राचं) काम पंचविशीच्या आधीच उरकून घ्या.

आजार लपवणं, किंवा चुकीचा लिहिणं

‘लिहू नका, पाच वर्षं गेली की कोणी विचारत नाही,’ असा सल्ला आपल्याकडे सर्रास मिळतो. पॉलिसी सलग 60 महिने चालली की फॉर्मवर माहिती दिली नव्हती म्हणून कंपनीला क्लेम अडवता येत नाही, हे खरं. पण फसवणूक सिद्ध झाली तर ही ढाल चालत नाही, आणि ज्याचं बारावीपासूनचं इन्सुलिन डिस्चार्ज कार्डावर लिहिलेलं आहे, त्यानं ‘माहीत नव्हतं’ म्हणायचं तरी कसं?

याच्या उलटही होतं. विदर्भात सिकलसेलची तपासणी झालेले कितीतरी तरुण फॉर्मवर नुसतं ‘सिकलसेल’ लिहून मोकळे होतात. एएस म्हणजे वाहक आणि एसएस म्हणजे रुग्ण, यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. वाहकानं रुग्ण म्हणून नोंद करून घेतली तर हप्ता वाढू शकतो, किंवा नकार येऊ शकतो. इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी या रक्ततपासणीचा रिपोर्ट जोडा आणि त्यात लिहिलंय तेच फॉर्मवर लिहा.

कागद बालरोग विभागातच राहणं

मेडिकल, मेयो, डागा ही नागपूरची सरकारी रुग्णालयं किंवा खासगी दवाखाना, जिथं लहानपण गेलं तिथून निघताना एक सविस्तर सारांश मागून घ्या: निदानाची तारीख, आतापर्यंतच्या ॲडमिशन, चालू औषधं. तारीख महत्त्वाची, कारण घाईत नवीन डॉक्टर ‘सिन्स फाइव्ह इयर्स’ असं काहीतरी लिहून जातात आणि क्लेमच्या वेळी तेच वाक्य आडवं येतं. डिस्चार्ज कार्ड दवाखान्यातून निघायच्या आधी वाचा. चूक असेल तर तिथल्या तिथे दुरुस्त करून सही-शिक्का घ्या.

राशन कार्डाकडे दुर्लक्ष

महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत आता पांढऱ्या कार्डासह सगळे राशन कार्डधारक येतात. मर्यादा कुटुंबाला वर्षाला पाच लाखांची आहे आणि जुन्या आजारासाठी वेटिंग नाही. पण लग्नानंतर मुलीचं नाव माहेरच्या कार्डातून कमी होतं आणि सासरच्या कार्डावर चढायचं राहून जातं. आधार आणि राशन कार्डावरच्या नावात फरक असला तरी अडचण होते. योजनेत ठरावीक उपचारच आहेत, आणि प्रत्येक दवाखान्यात सगळे नसतात. भरती होण्याआधी तिथल्या आरोग्यमित्राला (दवाखान्यात योजनेचं काम बघणाऱ्याला) विचारा, किंवा 155388 वर फोन करा.

इन्सुलिन, साखर तपासायच्या स्ट्रिप, सिकलसेलचं हायड्रॉक्सीयुरिया असा महिन्याचा खर्च साध्या पॉलिसीत बसत नाही, तो घरच्या हिशेबात वेगळा धरा. रक्त चढवणं डे-केअरमध्ये (त्याच दिवशी घरी सोडतात अशा उपचारांत) येतं का, हे पॉलिसीच्या यादीत आधी बघा. सरकारी रक्तपेढीत थॅलेसेमिया, सिकलसेल आणि हिमोफिलियाच्या रुग्णांना रक्त मोफत मिळतं.

नकार आला की गप्प बसणं

क्लेम नाकारला तर नकार कोणत्या कलमाखाली आहे ते लेखी मागा. कंपनीच्या तक्रार विभागाकडे अर्ज करा. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे, म्हणजे अशा तक्रारी सोडवणाऱ्या अधिकाऱ्याकडे, जाता येतं. तिथं फी नाही, वकील लागत नाही, तक्रार ऑनलाइन होते. पण कंपनीच्या अंतिम नकारापासून एका वर्षाच्या आत जायचं, म्हणून ते नकाराचं पत्र आणि त्यावरची तारीख जपून ठेवा.