शिकायला बाहेरगावी निघालेल्या मुलांशी दारूविषयी कसे बोलावे

पुण्या-मुंबईत शिकणाऱ्या मुलांच्या अनेक गटांत 'बसणे' ही आता लपवण्याची गोष्ट राहिलेली नाही. निकाल, वाढदिवस, पहिला पगार असे कोणतेही निमित्त पुरते. अशा वेळी 'दारूला शिवू नकोस' एवढी तंबी देऊन मुलाला गाडीत बसवले, तर उरलेली माहिती त्याला मित्रांकडून मिळेल आणि ती बहुधा अर्धवट असेल. म्हणून प्रवेश पक्का झाला की सामानाची बांधाबांध सुरू होण्याआधी हे बोलणे निवांतपणे करावे, आणि जे मुलाला सांगाल तेच, त्याच सुरात, मुलीलाही सांगावे.

सुरुवात उपदेशाने न करता त्याच्या मित्रांमध्ये काय चालते हे विचारून करावी, आणि उत्तर ऐकताना कपाळाला आठ्या पडू देऊ नयेत. घरात कुणी पीत असेल तर ते आधी मान्य करावे, कारण मुलांनी ते केव्हाच पाहिलेले असते.

'बिअर म्हणजे काही दारू नव्हे' हा समज मात्र सविस्तर खोडून काढावा लागतो, आणि त्यासाठी आकडेमोडीसारखे साधन नाही. स्ट्राँग बिअरच्या 650 मिलिलिटरच्या बाटलीवर अल्कोहोलचे कमाल प्रमाण 8 टक्के छापलेले असते. तेवढे धरले तर बाटलीत सुमारे 41 ग्रॅम अल्कोहोल होते. 42.8 टक्क्यांच्या व्हिस्कीच्या 30 मिलिलिटरच्या पेगमध्ये ते साधारण 10 ग्रॅम असते. म्हणजे ती एक बाटली चार पेगांइतकी झाली. यकृत तासाला ढोबळमानाने 7 ते 10 ग्रॅम अल्कोहोलच निकालात काढू शकते, त्यामुळे लिंबू, ताक, कॉफी किंवा गार पाण्याची अंघोळ यांनी कितीही तरतरी वाटली तरी रक्तातले प्रमाण लवकर उतरत नाही. मुलींच्या शरीरात पाण्याचा अंश तुलनेने कमी असल्याने तेवढ्याच दारूने त्यांच्या रक्तातील प्रमाण अधिक चढते. हा हिशेब कागदावर मुलालाच मांडू द्यावा. स्वतः काढलेला आकडा मुले सहसा विसरत नाहीत.

कायदाही थोडक्यात सांगावा. महाराष्ट्रात बिअर आणि वाइनसाठी वयाची 21 वर्षे, तर इतर मद्यासाठी 25 वर्षे पूर्ण असावी लागतात, आणि 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅमपेक्षा अधिक अल्कोहोल असताना गाडी चालवणे हा गुन्हा आहे.

खरी अडचण येते ती 'अरे, निदान कंपनी तरी दे' या वाक्यापाशी. पहिला घोट पुष्कळदा चवीसाठी नव्हे, तर एकटे पडू नये म्हणून घेतला जातो. त्यामुळे नकार कसा द्यायचा हे घरीच बोलून पाहावे. 'पोट बिघडलंय', 'औषध चालू आहे' अशा सबबी पुढच्या खेपेला पुरत नाहीत. त्याऐवजी 'मी घेत नाही, पण बसतो' हे एकच वाक्य हसत, न ताणता म्हणावे, हातात लिंबू सरबताचा ग्लास ठेवावा आणि चखण्याची ताटली आपल्याकडे ओढावी. दोन-तीनदा असे झाले की विचारणारे बहुधा थांबतात. त्याबरोबरच, न पिणाऱ्या दुसऱ्या कुणाला आग्रह होत असेल तर त्याची बाजू घ्यायलाही सांगावे, कारण गटाचा कल अशाच एखाद्या आवाजाने बदलतो. माझ्या मते या सगळ्या बोलण्यातला सर्वांत मोलाचा भाग हाच आहे.

अखेरीस, कुणी पिऊन निपचित पडला तर काय करायचे ते स्पष्ट सांगावे. 'झोपू दे, उतरेल' म्हणून त्याला खोलीत एकटे सोडू नये. कुशीवर वळवावे, म्हणजे उलटी घशात अडकण्याचा धोका कमी होतो, आणि मुद्दाम उलटी करायला लावू नये. हाका मारूनही तो जागा होत नसेल, श्वास संथ किंवा अडखळत चालला असेल अथवा अंग गार पडले असेल, तर 108 वर रुग्णवाहिका बोलवावी. ओरडा बसेल या भीतीने मुले नेमका हाच फोन टाळतात; तेव्हा रात्री कितीही वाजता घरी फोन केला तरी आधी मदत होईल आणि जाब त्या रात्री विचारला जाणार नाही, हे आई आणि बाबा या दोघांनीही त्याला स्वतःच्या तोंडाने सांगावे.