आधुनिक इतिहासात पीएच.डी.साठी अर्ज करताय? या चुका टाळा

अर्जात गुणपत्रिका असतात, शिफारसपत्रे असतात, परीक्षेचे गुण असतात. तरी इतिहास विभागाची समिती संशोधन आराखडा हातात घेते तेव्हा तीन गोष्टी शोधते. मांडलेल्या प्रश्नाचे उत्तर देऊ शकतील अशी साधने शिल्लक आहेत का? अर्जदाराला ती वाचता येतात का? आणि ठरलेल्या वर्षांत ती हाताशी येतील का? हुशार विद्यार्थ्यांचे अर्जही अडतात ते बहुधा इथेच. म्हणून या लेखात सर्वाधिक जागा साधनांना दिली आहे.

विषय आहे, प्रश्न नाही

‘स्वातंत्र्यलढ्यात महिलांचे योगदान’ हा विषय झाला. यातून काय शोधायचे, कुठे थांबायचे आणि निष्कर्ष चुकला हे कशावरून कळायचे, यातले काहीच त्यातून समजत नाही. तोच विषय असा आवळून पाहा: १९३० ते १९३२ च्या सविनय कायदेभंगात मुंबईत अटक झालेल्या स्त्रियांना तुरुंगात अ, ब, क यांपैकी कोणता वर्ग मिळाला, आणि तो कशाच्या आधारे ठरला? कैद्यांच्या या वर्गवारीत सामाजिक दर्जा, शिक्षण आणि राहणीमान पाहिले जाई. म्हणजे एखाद्या स्त्रीची ‘प्रतिष्ठा’ सरकारी कारकून आणि न्यायाधीश कशी मोजत होते, हे तपासता येते. काळ, जागा, माणसे आणि कागद ही चारही टोके आता पक्की आहेत. गृह खात्याच्या विशेष शाखेच्या फाइल्स, तुरुंगाच्या नोंदी, वृत्तपत्रे आणि आठवणी यांची नावे घेता येतात.

आपला विषय एका प्रश्नार्थक वाक्यात लिहून पाहा. ‘योगदान’, ‘भूमिका’, ‘अभ्यास’, ‘एक चिकित्सा’ हे शब्द काढल्यावर वाक्यात काही उरत नसेल, तर प्रश्न अजून तयार झालेला नाही.

‘या विषयावर आजवर काम झालेले नाही’

हे वाक्य परीक्षकाला लगेच सावध करते. अनेकदा ते खरे नसते: भारतीय विद्यापीठांतल्या प्रबंधांच्या ‘शोधगंगा’ या ऑनलाइन संग्रहात एखादा प्रबंध असतो, दुसऱ्या भाषेत लेख असतो, वेगळ्या नावाखाली तेच काम झालेले असते. आणि खरे असले तरी पुरेसे नाही, कारण काम न होण्यामागे विषयात दम नसणे हेही एक कारण असू शकते. आधीचे अभ्यासक काय म्हणतात, त्यांचे म्हणणे कुठे तोकडे पडते आणि तुमच्या साधनांनी त्यात कोणता फरक पडेल, एवढे लिहा. आठ-दहा महत्त्वाच्या कामांशी नेमका वाद घातलेला आढावा चाळीस नावांच्या यादीपेक्षा कितीतरी वजनदार ठरतो.

साधने गृहीत धरणे

‘अभिलेखागारातील कागदपत्रांचा वापर केला जाईल’ हे वाक्य कोणत्याही आराखड्यात चालते, म्हणूनच ते निरुपयोगी आहे. अभिलेखागाराचे नाव, विभाग, मालिका, वर्षे आणि निदान पाच-सहा फाइल्सचे क्रमांक द्या. बऱ्याच संस्थांच्या सूची इंटरनेटवर आहेत. भारताच्या राष्ट्रीय अभिलेखागाराचे ‘अभिलेख पटल’ हे संकेतस्थळ घरबसल्या पाहता येते.

पण सूचीत नोंद आहे म्हणजे फाइल आहे असे नव्हे. दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात मागणीची चिठ्ठी ‘एनटी’ असा शेरा घेऊन परत येते, हा अनुभव संशोधकांना नवा नाही. खात्याने ती फाइल अभिलेखागाराकडे पाठवलेलीच नाही, असा त्याचा अर्थ. कधी कागदच नष्ट झालेले असतात. आयर्लंडचे सार्वजनिक अभिलेखागार जून १९२२ मध्ये आगीत गेले. पहिल्या महायुद्धातल्या ब्रिटिश सैनिकांच्या निम्म्याहून अधिक सेवा-नोंदी १९४० च्या बॉम्बहल्ल्यात जळाल्या. कधी कागद भलत्याच देशात निघतात: केनियासह अनेक वसाहतींतून ब्रिटनने हलवलेल्या हजारो फाइल्स २०११ मध्ये उजेडात आल्या. त्यामुळे आराखडा पक्का करण्यापूर्वी अभिलेखागाराला पत्र लिहून मुख्य मालिका प्रत्यक्ष उपलब्ध आहे का, ते विचारा. उत्तर यायला वेळ लागतो, तो धरूनच चला. आराखड्यात पर्यायी मार्गही लिहा: सरकारी फाइल मिळाली नाही तर त्याच व्यवहाराची दुसरी बाजू जिल्हा दप्तरात, खासगी संग्रहात किंवा वृत्तपत्रांत कुठे सापडेल?

अलीकडचा काळ निवडणाऱ्यांची अडचण वेगळी. भारतात सार्वजनिक अभिलेख साधारण २५ वर्षांनी खुले होतात, ब्रिटनमध्ये पूर्वीची ३० वर्षांची मुदत आता २० वर आली आहे; पण संरक्षण, गुप्तवार्ता, वैद्यकीय आणि वैयक्तिक माहितीच्या फाइल्स याहून कितीतरी काळ बंद राहतात. जनगणनेतली व्यक्तिगत माहिती अमेरिकेत ७२ वर्षांनी खुली होते, इंग्लंडमध्ये १०० वर्षांनी. २००० नंतरच्या विषयात मुलाखती, छापील अहवाल आणि न्यायालयीन निकाल हेच मुख्य साधन होणार असेल, तर तसे स्पष्ट लिहा आणि मुलाखतींसाठी विद्यापीठाच्या नैतिकता समितीची परवानगी लागते का, ते आधीच पाहा. मौखिक इतिहासात वयाचा हिशेबही करावा लागतो. १९४८ मध्ये विशीत असलेली माणसे आज शंभरीच्या आसपास आहेत. त्या वर्षीच्या एखाद्या घटनेचे ‘५० साक्षीदार’ आराखड्यात लिहिले की प्रवेशाच्या मुलाखतीत पहिला प्रश्न त्यावरच येणार.

लिपी आणि भाषा नंतर शिकू

हे सर्वांत महागात पडते. तुर्कस्तानने १९२८ मध्ये लिपी बदलली. त्याआधीचे कागद अरबी लिपीत आहेत. जुने जर्मन हस्ताक्षर आजच्या जर्मन वाचकालाही लागत नाही. मराठी दप्तरांत विसाव्या शतकापर्यंत मोडी आहे. ‘मोडी येते’ असे लिहिणे पुरत नाही. कोणत्या काळाचे आणि कोणत्या प्रकारचे कागद किती वेगाने वाचता येतात, ते सांगा. शिकत असाल तर अभ्यासक्रमाचे नाव आणि तो कधी पूर्ण होईल ते द्या. भाषेची तयारी शून्य असेल, तर विषय बदलणे हाच प्रामाणिक उपाय आहे.

वेळापत्रकात गणित नसणे

‘पहिले वर्ष वाचन, दुसरे साधने, तिसरे लेखन’ हे वेळापत्रक नव्हे. समजा, दिवसाला १० फाइल्स मिळतात आणि तुम्हाला ४०० पाहायच्या आहेत. म्हणजे ४० कामाचे दिवस, आठ आठवडे, आणि हे फक्त पाहण्याचे. छायाचित्रे काढायला परवानगी नसेल तर हाताने टिपणे काढण्याचा वेळ यात किमान दुप्पट धरा. सुट्ट्या, प्रवेशपत्रासाठीचे ओळखपत्र, राहण्याचा खर्च आणि परदेशी अभिलेखागारासाठी व्हिसा यांचाही विचार झालेला दिसला पाहिजे.

मार्गदर्शकाला पाठवलेला ई-मेल निरुत्तर राहतो

बहुतेक वेळा कारण मजकुरातच असते. ‘आदरणीय महोदय, आपल्या कार्याने प्रभावित झालो’ हा मजकूर वीस जणांना गेला आहे हे वाचणाऱ्याला कळते. साधारण २०० शब्द पुरेत: प्रश्न दोन वाक्यांत, साधने दोन वाक्यांत, तुमची तयारी, आणि त्यांच्या कामातल्या नेमक्या कोणत्या मुद्द्याशी तुमचा विषय जोडला जातो ते. सोबत एक पानाचा आराखडा. मुदतीच्या तीन-चार महिने आधी पाठवा. दोन-तीन आठवड्यांत उत्तर नाही आले तर एकदाच आठवण करा. एकाच विभागातल्या पाच जणांना एकाच दिवशी लिहू नका, ते एकमेकांशी बोलतात.

पत्र पाठवण्यापूर्वी जागा आहे का तेही पाहा. भारतात विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) २०२२ च्या नियमांनुसार प्राध्यापकाला एका वेळी ८, सहयोगी प्राध्यापकाला ६ आणि सहायक प्राध्यापकाला ४ विद्यार्थीच घेता येतात. निवृत्तीला तीन वर्षांहून कमी उरलेल्या शिक्षकाला नवा विद्यार्थी घेता येत नाही. उत्तम आराखडा असूनही नकार येतो तो कधीकधी एवढ्यामुळेच.

एकच अर्ज सगळीकडे

ब्रिटनमध्ये आराखडा आणि मार्गदर्शकाची संमती निर्णायक असते. अमेरिकेत सुरुवातीची वर्षे अभ्यासक्रमाची असल्याने उद्देशपत्र आणि लेखनाचा नमुना अधिक बोलतो. जर्मनीत बहुधा आधी मार्गदर्शक मिळवावा लागतो. भारतात २०२४ पासून नेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षेचे गुण पीएच.डी. प्रवेशासाठीही धरले जातात. जेआरएफ (कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती) नसलेल्यांसाठी नेटला ७० टक्के आणि मुलाखतीला ३० टक्के वजन आहे, आणि प्रवेशासाठी हे गुण एकच वर्ष चालतात. शिष्यवृत्तीची मुदत अनेक ठिकाणी प्रवेशाच्या मुदतीच्या आधी संपते. दोन्ही तारखा वेगळ्या लिहून ठेवा.

लेखनाचा नमुना म्हणून पूर्वसंशोधनाचा आढावा देऊ नका. मूळ कागदावर तुम्ही स्वतः काम केलेले प्रकरण द्या आणि ते मधूनच सुरू होत असेल तर वर अर्ध्या पानाची ओळख जोडा.

शिफारसपत्र सहा ते आठ आठवडे आधी मागा. सोबत आराखडा, नमुना आणि तारखांची यादी द्या. अर्जप्रणालीतून शिक्षकांना जाणारा दुवा अनेकदा स्पॅममध्ये पडतो. तो मिळाला का, हे मुदतीच्या दहा दिवस आधी विचारा.

नकार आल्यावर

आधी कारणाची जागा शोधा. लेखी छाननीतच अर्ज गेला असेल तर प्रश्न आणि साधने यांचा सांधा पुन्हा तपासा. मुलाखतीत गेला असेल तर अडलेले प्रश्न त्याच दिवशी लिहून काढा. ‘मुख्य फाइल मिळाली नाही तर?’ आणि ‘तुमचे म्हणणे खोटे पाडणारा पुरावा कसा असेल?’ हे दोन प्रश्न पुढच्या वेळीही येतील. मार्गदर्शक उपलब्ध नव्हता असे कळले, तर आराखड्याला हात न लावता विभाग बदला.