रॉय हेन्सचं ड्रमिंग ऐकायला सुरुवात कुठून करायची

जॅझ ऐकायला लागलं की कधी ना कधी कुणीतरी सांगतंच, अरे रॉय हेन्स ऐक. मग आपण ॲपवर नाव टाकतो, त्याच्या स्वतःच्या नावाचे मोजके अल्बम येतात, दोन ऐकतो आणि वाटतं झालं. माझंही हेच झालं होतं. पण ड्रमर लोकांचं बहुतेक काम दुसऱ्याच्या नावाखाली असतं, आणि या माणसाचं तर फारच, त्यामुळे पहिली गोष्ट म्हणजे हेन्स सर्च करायचा नाही, ज्यांच्या मागे बसून तो वाजवत होता त्यांना सर्च करायचं.

थोडक्यात माहिती. १३ मार्च १९२५ ला बॉस्टनच्या रॉक्सबरी भागात जन्म, १२ नोव्हेंबर २०२४ ला गेला, म्हणजे शंभरीला चार महिने कमी. १९४५ मध्ये न्यूयॉर्कला लुइस रसेलच्या बिग बँडमध्ये, मग सॅक्सोफोनवाले लेस्टर यंग आणि चार्ली पार्कर, मग पाच वर्षं गायिका सारा व्हॉन, मग पियानोवाला थेलोनियस मंक, सॅक्सोफोनवाला जॉन कोल्ट्रेन, स्टॅन गेट्झ, गॅरी बर्टन, चिक कोरिया, पॅट मेथेनी. यादी वाचूनच दम लागतो आणि म्हणूनच सालानुसार ऐकायला जाऊ नका, पार्करच्या काळातली क्लबमधली बरीच रेकॉर्डिंग्ज इतकी खरखरीत आहेत की त्यात ड्रमचं काम नीट कळतच नाही. ती शेवटी.

आधी कान थोडा तयार करा. कुठलंही साधं स्विंग, म्हणजे झुलत्या लयीचं जॅझ, लावा आणि उजव्या हाताचं राइड सिंबल, म्हणजे काठीने वाजवायची धातूची मोठी चकती, पकडा, डिंग, डिंग-अ-डिंग, डिंग-अ-डिंग असं चालू असतं, आणि डाव्या पायाने हाय-हॅट (एकमेकींवर मिटणाऱ्या दोन छोट्या चकत्या) दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर 'चिक' करतं. हा झाला जॅझचा ठेका. त्या दोन मात्रांवर टाळी देत बसा, पाच मिनिटं पुरे. आता हे सगळं हेडफोनवर करायचं हं, फोनच्या स्पीकरवर बास ड्रम, म्हणजे पायाने वाजवायचा मोठा ड्रम, गायबच होतो आणि राइडची नुसती सळसळ उरते.

आता पहिला अल्बम: चिक कोरियाचा 'नाऊ ही सिंग्ज, नाऊ ही सॉब्ज', १९६८, पियानो-बास-ड्रम्स एवढे तिघंच. इथून सुरू करायचं कारण म्हणजे हेन्स इथे फ्लॅट राइड वापरतो, म्हणजे ज्या सिंबलला मधे घुमट नसतो ते. त्यामुळे आवाज साचत नाही, काठीचा प्रत्येक ठोका सुटा ऐकू येतो. पहिला ट्रॅक लावा आणि मघाचीच टाळी द्यायचा प्रयत्न करा. थोड्या वेळात लक्षात येईल की लय पक्की आहे पण ठेका असा सलग कुठेच नाहीये, डिंग-अ-डिंग अर्धवट सोडलंय, राहिलेला तुकडा स्नेअरवर (खाली तारा ताणलेला छोटा ड्रम) पडलाय, हाय-हॅट दुसऱ्या-चौथ्या मात्रेची नोकरी सोडून मधेच कुठेतरी बोलतंय. म्हणजे चारही हातपाय मिळून एकच वाक्य बोलतात, असं मला वाटतं. हे एकदा ऐकू आलं की पुढचं सगळं सोपं आहे, नाही आलं तर तोच ट्रॅक परत लावा आणि यावेळी फक्त स्नेअर ऐका. ताणून घट्ट केलेला, फोडणीत मोहरी तडतडावी तसा. त्याचं टोपणनावच 'स्नॅप क्रॅकल' होतं.

दुसरा अल्बम मुद्दाम उलट्या टोकाचा: सारा व्हॉन आणि ट्रंपेटवाला क्लिफर्ड ब्राऊन, डिसेंबर १९५४. इथे ड्रमर शोधावा लागतो. संथ गाण्यांमध्ये काठ्यांऐवजी ब्रश, म्हणजे बारीक तारांचे झाडू, स्नेअरवर गोल गोल फिरतात, कपड्यावर हात फिरवल्यासारखा आवाज, आणि गायिका ओळ लांबवते तिथे हा मधे अजिबात येत नाही. मोठ्या गायिकेमागे पाच वर्षं गप्प राहायला शिकणं हीच त्याची खरी शाळा असं माझं मत, सोलो-बिलो नंतर. याच्याच जोडीला ऑलिव्हर नेल्सनचा १९६१ चा 'द ब्लूज अँड द ॲब्स्ट्रॅक्ट ट्रुथ' ऐका, तिथेही तो कामापुरतंच वाजवतो.

मंकबरोबरचं १९५८ चं फाइव्ह स्पॉट क्लबमधलं रेकॉर्डिंगही छान आहे, एकदा ऐकून पुढे गेलात तरी चालेल.

कोल्ट्रेनवर मात्र वेळ घालवा. १९६३ च्या न्यूपोर्ट फेस्टिव्हलला कोल्ट्रेनचा नेहमीचा ड्रमर एल्विन जोन्स नव्हता म्हणून हेन्स बदली बसला. मी वेड्यासारखा यापासूनच सुरुवात केली होती, सतरा मिनिटांचं 'माय फेव्हरिट थिंग्ज', पाचव्या मिनिटाला कंटाळून बंद. चूक माझी. आधी त्याच गाण्याचं १९६० चं स्टुडिओ रेकॉर्डिंग ऐका, त्यात एल्विन आहे, तीन मात्रांची लय एखाद्या जाड लाटेसारखी खालून फिरत राहते. मग लगेच न्यूपोर्ट लावा. गाणं तेच, पियानोवर मॅकॉय टायनरच, पण खालची लाट गेलेली आणि तिच्याजागी स्नेअरचा तडतडाट, कोल्ट्रेनच्या प्रत्येक वाक्याला लगेच उलट उत्तर. दुसऱ्याच्या खुर्चीत बसून त्याची नक्कल केली नाही हे यात सरळ ऐकू येतं. ड्रम्स शिकणाऱ्यांनी ही दोन रेकॉर्डिंग्ज आठवडाभर आलटून पालटून ऐकावीत, आणि बरोबर वाजवायचं असेल तर नुसता स्नेअर आणि एक ब्रश घेऊन बसा, अख्खा सेट घेतलात की स्वतःचाच आवाज ऐकत राहाल.

आता त्याच्या स्वतःच्या नावावरचं घ्या, १९६२ चा 'आउट ऑफ द आफ्टरनून', सॅक्सोफोनवाला रोलंड कर्क एका वेळी दोन-तीन वाद्यं तोंडात धरून फुंकतोय, धमाल आहे.

शेवटी पॅट मेथेनीचा 'क्वेश्चन अँड आन्सर', गिटार, डेव्ह हॉलंडचा बास आणि हेन्स. रेकॉर्डिंग १९८९ चं, म्हणजे आजोबांचं वय तेव्हा ६४ आणि गिटारवाला त्यांच्यापेक्षा जवळजवळ तीस वर्षांनी लहान. हा संपला की मधे काही न लावता परत १९५४ चा सारा व्हॉनवाला लावा आणि ब्रशमागचा तोच घट्ट स्नेअर सापडतो का बघा. मला दुसऱ्या खेपेला सापडला.