कोल्हापूरचा न्यू पॅलेस आणि दसऱ्याची शाही सलामी : या चुका टाळा

एसटी स्टँडवर उतरायचं, रिक्षात बसायचं आणि "राजवाड्याला सोडा" म्हणायचं. बाहेरगावच्या पाहुण्यांची पहिली चूक इथंच होते. कोल्हापुरात नुसतं राजवाडा म्हटलं तर रिक्षावाला तुम्हाला जुन्या राजवाड्याला, म्हणजे अंबाबाईच्या देवळाशेजारी भवानी मंडपात नेऊन सोडू शकतो. तुमच्या मनात असतो तो काळ्या दगडाचा, मनोऱ्यावर घड्याळ असलेला नवा राजवाडा. तो गावाच्या उत्तरेला, कसबा बावड्याच्या वाटेवर आहे. रंकाळ्याच्या काठचा शालिनी पॅलेस तिसरा, १९३१ ते १९३४ या काळात बांधलेला. आणि बावड्यातला लक्ष्मी विलास पॅलेस चौथा, जिथं २६ जून १८७४ रोजी राजर्षी शाहू महाराजांचा जन्म झाला. म्हणून रिक्षात बसताना "न्यू पॅलेस" असंच म्हणा. गावातली माणसंही तेच म्हणतात.

सलामी रोज असते असं धरून येऊ नका

लंडनला बकिंगहॅम पॅलेससमोर ठरलेल्या वारी पहारा बदलतो, दिल्लीत राष्ट्रपती भवनासमोरही तसा सोहळा होतो. मोबाइलवर ते बघितलेली मंडळी न्यू पॅलेसच्या आवारात येऊन "सलामी किती वाजता?" असं विचारतात. इथं तसा रोजचा सोहळा नाही. छत्रपतींना मानवंदना, बंदुकीच्या फैरी, लवाजमा हे सगळं बघायचं तर विजयादशमीला यायचं, आणि तेही न्यू पॅलेसवर नाही, दसरा चौकात. नेमकी हीच गोष्ट न समजल्यामुळं दसऱ्याच्या संध्याकाळी काहीजण पॅलेससमोर थांबतात. तोवर छत्रपती घराण्याचे महाराज आपल्या जुन्या मेबॅक मोटारीतून चौकाकडे निघून गेलेले असतात.

न्यू पॅलेस मात्र एरवी निवांतपणे बघा, दसऱ्याच्या दिवशी घाईत उरकू नका. मेजर चार्ल्स मँट यांनी आराखडा केलेली ही इमारत १८७७ ते १८८४ या काळात उभी राहिली. ती पूर्ण झालेली बघायला मँट उरले नव्हते, १८८१ मध्येच ते गेले. कागलकर घाटग्यांचे यशवंतराव करवीरच्या, म्हणजे कोल्हापूरच्या गादीवर दत्तक आले आणि शाहू झाले, तेही १८८४ सालीच. तळमजल्यावर शहाजी छत्रपती म्युझियम आहे. लोक पेंढा भरलेल्या वाघांपुढं अर्धा तास रेंगाळतात आणि दरबार हॉलमधून पाच मिनिटांत बाहेर पडतात. उलटं करा. दरबार हॉलच्या रंगीत काचांवर शिवचरित्रातले प्रसंग आहेत. उजेड चांगला असताना जा आणि एकेका काचेपुढं उभे राहा.

आत फोटोला मनाई आहे. लपून काढलेला एक फोटो सापडला तर सगळ्या घोळक्याला बोलणी खावी लागतात. आणि हे घर आहे, छत्रपतींचं घराणं इथं राहतं. बंद दारापाशी, वर जाणाऱ्या जिन्यापाशी डोकावणं आपल्या घरी कुणी केलं तर कसं वाटेल, एवढाच विचार करा.

दसरा चौकात उशिरा पोचणं

सगळ्यात मोठी चूक ही, आणि ती मी स्वतः केली आहे. सोहळा सूर्यास्ताचा. ऑक्टोबरमध्ये कोल्हापुरात सूर्य साधारण सव्वासहाच्या आसपास मावळतो, म्हणजे साडेपाचला निघालं तरी चालेल, असा माझा हिशेब. पुण्याहून आलेल्या मावशीला घेऊन मी निघालो. वाहतूक वळवलेली, गाडी लावायला जागा नाही, आणि शेवटी चालत निघालो तर चौकाच्या बऱ्याच अलीकडं माणसांची भिंत. बंदुकीच्या फैरी आम्ही तिथंच, गर्दीत उभं राहून ऐकल्या. मावशीनं आवाजाच्या दिशेनं हात जोडले. त्याची रुखरुख मला अजून आहे.

तेव्हा चार वाजता चौकात असा. वाहन लांब लावा आणि चालत या. कोणते रस्ते बंद आहेत ते आदल्या दिवशीच्या पेपरात बघा, मागच्या वर्षीच्या आठवणीवर विसंबू नका. लवकर आल्याचा आणखी एक फायदा आहे. चौकाच्या मध्ये शाहू महाराजांचा पुतळा आहे आणि आजूबाजूला त्यांच्या पाठिंब्यानं निघालेली बोर्डिंगं. जैन बोर्डिंग, मुस्लिम बोर्डिंग अशी वेगवेगळ्या समाजांतल्या पोरांना शिकता यावं म्हणून उभी राहिलेली. ज्या राजाच्या गादीला सलामी मिळते, त्यानं काय केलं ते या इमारती बघितल्यावर समजतं. हे न बघता नुसती मोटार आणि घोडे बघून जाणाऱ्यांचं मला खरंच वाईट वाटतं.

क्रम आधी समजून घ्या, नाहीतर सगळं एकदम होऊन जातं. अंबाबाई, तुळजाभवानी आणि गुरुमहाराज यांच्या पालख्या चौकात येतात. मग छत्रपती घराणं येतं. लकडकोटापाशी, म्हणजे पूजेसाठी उभारलेल्या लाकडी कुंपणापाशी शमीपूजन होतं, फैरी झडतात आणि सोनं लुटायला सुरुवात होते. फैरींच्या वेळी तान्हं मूल दचकतं, त्याचे कान झाकायला हात मोकळा ठेवा. मोबाइल डोक्यावर धरून उभे राहू नका. मागं एखादी म्हातारी असते, जी वर्षातून एकदाच हे बघायला आलेली असते.

पाऊस परतीच्या वाटेवर असतो, छत्री उघडली की मागच्या दहाजणांचा सोहळा बुडतो. रेनकोट आणा.

सोनं लुटताना

पूजा शमीची, पण वाटतात ती आपट्याची पानं. फैरी झाल्या झाल्या लकडकोटाकडं जी झुंबड उडते, तिच्यात लहान पोरांना आणि वयस्कर माणसांना घेऊन शिरू नका. पहिल्या काही मिनिटांतच चपला तुटतात आणि चुकामूक होते. मोबाइलला रेंज मिळेलच असं नाही, म्हणून भेटायची जागा आधीच ठरवा. चौकात नको, चौकाबाहेरचा एखादा ठळक कोपरा धरा. आपट्याच्या नावाखाली पुष्कळदा कांचनाच्या फांद्या तोडून विकतात, त्या घेऊ नका. एकमेकांना द्यायला दोन पानं पुरतात.

चुकलंच तर

उशीर झालाच तर रेटून पुढं घुसू नका. अंबाबाईची पालखी परत देवळाकडं निघते, तिच्या वाटेवर शांत जागा बघून उभे राहा. तिथं दर्शन चौकापेक्षा जवळून होतं. नवरात्रातच आला असाल तर आणखी दोन दिवस हाताशी आहेत. ललिता पंचमीला अंबाबाई त्र्यंबोली देवीच्या भेटीला टेंबलाईच्या टेकडीवर जाते आणि तिथं कोहळा फोडण्याचा विधी होतो. अष्टमीच्या रात्री देवी नगरप्रदक्षिणेला निघते.

आम्ही त्या संध्याकाळी तेच केलं, पालखीच्या वाटेवर थांबलो. चौकातून परतणारा, कपाळभर गुलाल लागलेला एक अनोळखी पोरगा मावशीपुढं थांबला, तिच्या हातावर आपट्याचं पान ठेवलं, वाकून नमस्कार केला आणि म्हणाला, "आजी, सोनं घ्या." मावशीनं ते पान पुण्याला नेऊन देव्हाऱ्यात ठेवलं.