ताण कुठे, काम कुठे: योग शिकताना स्नायू कसे ओळखावेत

योगशिक्षकाच्या कोर्सला नाव घातलेल्या बहुतेकांना आसनांची धास्ती नसते. पोटात गोळा येतो तो शरीररचनेच्या पेपरचा. बँकेत नोकरी केलेली, मुलं कॉलेजात गेल्यावर आता स्वतःसाठी काहीतरी करू म्हणून आलेली माणसं 'ग्लुटिअस मेडिअस', 'इरेक्टर स्पायनी' असल्या नावांपुढे एकदम गांगरतात आणि शाळेतला जुना रस्ता धरतात: घोकंपट्टी. वहीत डावीकडे आसन, उजवीकडे स्नायूंची यादी. दर बॅचला कुणाच्या तरी पिशवीतून ही वही निघतेच.

मी दादरला सकाळची बॅच घेते, नव्या शिक्षकांनाही शिकवते, आणि सगळ्यांना सांगते की ती वही बाजूला ठेवा. शरीरात सहाशेच्या वर स्नायू आहेत, यादीला अंत नाही. शिवाय आसनात जरासा फरक केला की यादी मुकी होते. गुडघे वाकवून पश्चिमोत्तानासन (पाय लांब करून बसून पुढे वाकणं) केलं तर काय बदलतं? भिंतीला टेकून वीरभद्रासन केलं तर? पाठ केलेल्याला सांगता येत नाही.

त्यापेक्षा एवढंच बघायचं: शरीराचं वजन कुठे कलंडायला बघतंय आणि त्याला कोण धरून ठेवतंय. जो धरून ठेवतो तो काम करतो. जिथे ओढ जाणवते तो पुष्कळदा दुसराच असतो. नवीन माणसाचा सगळा गोंधळ इथे होतो, कारण ओढ मोठ्याने बोलते आणि काम गुपचूप चालतं.

हे कळायला मॅट लागत नाही, लोकल पुरते. गाडीच्या तोंडाकडे तोंड करून, दांडी न धरता उभं राहायचं (गर्दी नसेल तेव्हाच, उगाच कुणाच्या अंगावर पडू नका). गाडी सुटते तेव्हा अंग मागे जातं आणि नडगीच्या बाहेरच्या बाजूला पुढे एक पट्टी टणक होते. तो टिबिआलिस अँटेरिअर. स्टेशन आलं, ब्रेक लागला की अंग पुढे झुकतं आणि लगेच पोटऱ्या आवळतात. तुम्ही कुणालाही हुकूम दिलेला नसतो. ताडासनात पंजांवर चढून तोल सांभाळताना हीच मंडळी आळीपाळीने राबतात.

आता पुढे वाकायची दोन आसनं शेजारी ठेवून बघा, उत्तानासन आणि पश्चिमोत्तानासन. दोन्हींत मांडीच्या मागे ओढ बसते, म्हणून वहीत दोन्हींसमोर 'हॅमस्ट्रिंग', म्हणजे मांडीमागचे स्नायू, असं लिहिलेलं असतं. पण उभ्याने वाकताना वजनच धड खाली नेतं. मांडीमागचे आणि पाठीचे स्नायू लांब होता होताच धड हळूहळू सोडत जातात, म्हणजे ताणलेही जातात आणि कामही करतात. पूर्ण खाली गेल्यावर गंमत होते: पाठीचे स्नायू जवळजवळ शांत होतात आणि भार कण्याची हाडं एकमेकांना बांधणाऱ्या अस्थिबंधांवर येतो. स्नायूंचे विद्युत संकेत मोजून हे दाखवलेलं आहे. म्हणूनच वर येताना झटका देऊ नका, गुडघे जरा वाकवा, असं आम्ही कानीकपाळी ओरडत असतो.

बसून वाकताना हिशोब बदलतो. सुरुवातीला धड सरळ असतं, वजन फारशी मदत करत नाही, आणि ओटीपोट (इथे पोट नव्हे, कंबरेखालचा हाडांचा सांगाडा) पुढे कलवायचं काम जांघेतले स्नायू करतात. हॅमस्ट्रिंग आखडलेले असतील तर ते बैठकीच्या हाडाला धरून ओटीपोट मागेच ठेवतात. मग माणूस काय करतो? कण्याची कमान करून नाक गुडघ्याकडे नेतो आणि 'जमलं' म्हणतो. हॅमस्ट्रिंग खुबा आणि गुडघा असे दोन सांधे ओलांडतात, त्यामुळे गुडघे थोडे वाकवले की ते सैल पडतात आणि ओटीपोट मोकळं होतं. बुडाखाली दुमडलेली सतरंजी घेतली तरी फरक पडतो. दिवसभर खुर्चीत बसणाऱ्यांना मी हे दोन्ही सांगते आणि बोटं पायाला लावायचा आग्रह सोडायला लावते.

पुस्तकातल्या रंगीत चित्रांपेक्षा बोटांनी चाचपून जास्त कळतं. खुर्चीत बसा, टाच जमिनीवर रोवून ती मागे ओढल्यासारखी करा, जागची मात्र हलवू नका. गुडघ्यामागे दोन्ही बाजूंना दोऱ्यांसारखे कंडरे (स्नायू हाडाला जोडणारे पट्टे) उभे राहतील, तेच हॅमस्ट्रिंगचे शेवट. मग वृक्षासनात उभं राहा आणि कंबरेच्या हाडाची वरची कड व खुब्याच्या बाहेरचा उंचवटा यांच्या मधे बोटं दाबा. ज्या पायावर उभे आहात त्या बाजूचा ग्लुटिअस मेडिअस दगडासारखा लागेल. उचललेल्या बाजूचं ओटीपोट खाली पडू नये म्हणून तो सगळा खटाटोप करतो. वर्गात एखाद्याची कंबर एका बाजूला लटकताना दिसली की आधी इथे बघावं. नुसतं 'कंबर सरळ करा काका' म्हणून काही होत नाही.

नौकासनाबद्दल तर माझं भांडणच आहे. 'पोटाचं आसन' म्हणून ते सरसकट सगळ्यांना करायला लावतात. पाय वर धरून ठेवणारा मुख्य स्नायू सोआस. तो कंबरेच्या मणक्यांपासून निघतो आणि मांडीच्या हाडाला आतून जोडलेला असतो. पोटाचा सरळ स्नायू पाय उचलत नाही. सोआसच्या ओढीने कंबर पुढे खेचली जाऊ नये म्हणून तो ओटीपोट धरून ठेवतो. पोट कमजोर असलं की कंबर वाकते आणि दुसऱ्या दिवशी फोन येतो, 'मॅडम, पाठ धरली.' गुडघे वाकवले की पायाचा दांडा आखूड होतो, भार कमी होतो. आधी तसंच करवावं. आणि या आसनाने पोटाचा घेर उतरतो असं सांगू नका. ज्या स्नायूला काम दिलं त्याच्यावरचीच चरबी जळते, असं शरीरात होत नाही.

भुजंगासनाची परीक्षा सोपी आहे. वर गेल्यावर तळवे जमिनीपासून बोटभर उचलायला सांगा. छाती जेवढी वर राहिली तेवढं पाठीच्या स्नायूंचं काम, जेवढी खाली आली तेवढं हातांनी ढकललेलं. वर्गात यावर हमखास हशा पिकतो, आणि स्नायू लक्षात राहतो तो कायमचा.

आता उड्डियान, म्हणजे श्वास सोडून पोट आत नेण्याची क्रिया. नवख्यांना वाटतं की पोटाचे स्नायू जोर लावून आत ओढायचे. प्रत्यक्षात श्वास पूर्ण सोडून, घसा बंद ठेवून, हवा आत न घेता फासळ्या फुलवायच्या असतात. छातीतला दाब घटतो, श्वासपटल (छाती आणि पोट यांच्यामधला पडदा) वर खेचलं जातं आणि पोटाची भिंत त्याच्यामागून आत जाते. त्या वेळी पोटाचे स्नायू सैल असावे लागतात, ताठ केले की उड्डियान बिघडतं. नौली या तिच्या पुढच्या क्रियेत मात्र पोटाचा सरळ स्नायू मुद्दाम आवळून मधोमध उभा करतात. हे तपासायला स्वामी कुवलयानंदांनी १९२० च्या दशकात क्ष-किरण वापरले, नौलीच्या वेळचा आतला दाब मोजला आणि तो बाहेरच्या हवेपेक्षा कमी भरला. १९२४ साली त्यांनी लोणावळ्याला कैवल्यधाम ही योगसंस्था काढली. त्यांचं मुंबईतलं केंद्र मरीन ड्राइव्हवर चर्नी रोडजवळ आहे. सांताक्रूझची योग इन्स्टिट्यूट त्याहून जुनी, १९१८ ची. कोर्स कुठूनही करा, पण नाव घालण्याआधी एक विचारून घ्या: शरीररचना शिकवणारी व्यक्ती वर्गात आसन करवून घेत शिकवते, की पडद्यावर चित्रं दाखवून मोकळी होते?

अभ्यासाचं म्हणाल तर आधी हाडं. ओटीपोट, मांडीचं हाड, खांद्याचं पातं आणि कणा एवढी नीट आली की स्नायू कुठून निघून कुठे चिकटतो ते समजतं, आणि तो आवळला की काय हलेल हे आपोआप सुचतं. खांद्याच्या पात्यावर जरा जास्त वेळ घालवा. अधोमुख श्वानासनात हात कानाजवळ येतात ते पातं फिरतं म्हणून, आणि त्याला फिरवणारा सेरेटस अँटेरिअर बगलेखाली फासळ्यांवर बसलेला असतो. परळला केईएमच्या परिसरातल्या वैद्यकीय पुस्तकांच्या दुकानात जुनी चित्रांची पुस्तकं चाळून मगच घ्या. ओळखीत फिजिओथेरपीचं कुणी शिकत असेल तर चहा पाजून तासभर बसवा, पुस्तकाचे पैसे वाचतील.

तोंडी परीक्षेत 'त्रिकोणासनात कोणते स्नायू?' असं विचारलं की धडाधड नावं फेकू नका. कोणता सांधा कसा वळला, वजन कुठे जातंय, कोण धरून आहे, कोण ताणलंय, या ओघात बोला. एखादं लॅटिन नाव अडलं तर 'मांडीच्या आतला, पाय जवळ घेणारा' असं म्हणा. समोरचा जाणकार असेल तर त्याला ते पुरतं, बहुतेक वेळा आवडतंही.

एक मात्र सांभाळा. एवढं शिकल्यावर हात शिवशिवतात, आणि वर्गात एमआरआयचा कागद घेऊन येणारं कुणीतरी असतंच. सगळी अडचण स्नायूत नसते. कुणाच्या खुब्याची खोबणच अशी असते की पद्मासन जमणार नाही, तिथे कितीही ताणून उपयोग नाही, गुडघा मात्र जाईल. पायात मुंग्या, बधिरपणा किंवा कळ उतरत असेल तर आसन थांबवा आणि डॉक्टरांकडे पाठवा. तिथे आपल्या चाचपण्याचं काम नाही.